मुळाचं टोक उघडं राहिलेला दात: नागपुरातल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ होती. दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीत आठ वर्षांचा मुलगा सजवलेला लाकडी नंदी ओढत मित्रांबरोबर बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी पोळ्याची भेट, मागायला निघाला होता. सिमेंट रस्त्याच्या कडेला नंदीचं चाक अडकलं. दोरी मनगटाला गुंडाळलेली असल्यामुळे हात पुढे टेकता आला नाही आणि मुलगा तोंडावर आपटला. ओठ फाटला आणि वरचा डावीकडचा समोरचा दात कोपऱ्यातून तुटला. दात थोडा हलतही होता, पण दोन दिवसांत घट्ट झाला.

घरात दोन मतं होती. आजी म्हणाली, दुधाचा दात आहे, पडेल आणि नवीन येईल. आई त्याला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथे तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, छान भरून मिळाला, पण एक्स-रे निघाला नाही आणि पुन्हा कधी दाखवायचं तेही कोणी सांगितलं नाही. दात दिसायला पूर्वीसारखा झाला, म्हणून विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

आठ महिन्यांनी, एप्रिलच्या मध्यात, त्या दाताच्या वर हिरडीवर पुळी आली. ती फुटायची, थोडा पू यायचा, बरी व्हायची आणि परत यायची. मुलाला दुखत नव्हतं. एकाने सांगितलं, दात काढून टाका, मोठा झाला की नवीन बसवू. त्या सल्ल्यानंतर आई आणि आजोबा मुलाला घेऊन माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. हे प्रकरण आईच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तपासणीत काय दिसलं

सहाव्या-सातव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते आणि सातव्या-आठव्या वर्षी वरचे समोरचे कायमचे दात येतात. म्हणजे मुलाचा दात दुधाचा नव्हता. दात हिरडीतून बाहेर आला तरी त्याचं मूळ मात्र अर्धवटच असतं. ते पुरं व्हायला, टोक मिटायला, पुढची दोन-तीन वर्षं लागतात, साधारण दहाव्या वर्षापर्यंत. हे काम आतली जिवंत नस करते. नस मेली की मूळ जिथं असेल तिथंच थांबतं.

दाताला थंड लावून कळतं का ते पाहायच्या चाचणीला डाव्या दाताने काहीच प्रतिसाद दिला नाही. उजव्याने दिला. पुळीच्या तोंडातून गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला, तर तो थेट डाव्या दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबला. टोकाभोवती हाड विरलेलं काळं वर्तुळ होतं.

मला सगळ्यात जास्त सांगून गेली ती दोन दातांची तुलना. दोन्ही दात एकाच वयाचे. उजव्याचं मूळ लांब, टोकाकडे निमुळतं होत आलेलं. डाव्याचं मूळ आखूड, भिंती कागदासारख्या पातळ आणि टोक तोटीसारखं पसरट उघडं. ही वाढ थांबल्याची खूणच होती. पडल्यानंतर फार थोड्या काळात नस मेली असणार आणि त्यानंतरचे महिने उजवा दात वाढत राहिला, डावा तिथंच राहिला.

आघातानंतर दाताची चाचणी ठरावीक काळाने करायची असते. साधा तुटलेला दात असेल तर 6 ते 8 आठवड्यांनी आणि मग वर्षाने. दात हललेला असेल तर त्याहून लवकर आणि जास्त वेळा. पहिल्या एक-दोन महिन्यांत कोणी थंडाची चाचणी केली असती, दोन दातांचे एक्स-रे शेजारी ठेवून पाहिले असते, तर हाड विरायच्या आधी उपचार सुरू झाला असता. इथे पहिला निर्णय कोणी घेतलाच नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान तिथंच झालं.

अडचण काय होती

मोठ्या माणसाच्या दातात नस मेली तर रूट कॅनाल करतो. नळी स्वच्छ करायची, आकार द्यायचा, गटापर्चाने घट्ट भरायची. ते घट्ट भरणं शक्य होतं कारण टोक अरुंद असतं आणि भरलेला पदार्थ तिथे अडतो. इथे नळी टोकाकडे जाताना अरुंद होण्याऐवजी रुंद होत होती, त्यामुळे भरलेलं सरळ हाडात उतरलं असतं. शिवाय नळीत फाइल, म्हणजे खरवडायचं सुईसारखं हत्यार, फिरवून आधीच पातळ असलेल्या भिंती आणखी खरवडणं म्हणजे दात मोडायला मदत करणं.

आणि मुलगा नऊ वर्षांचा. जे करायचं ते जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे किमान आणखी नऊ-दहा वर्षं टिकायला हवं होतं.

कोणते पर्याय तोलले

आजोबांनी सुरुवातीलाच विचारलं, "काहून एवढा खटाटोप करता मॅडम? काढून टाका ना बाप्पा. एक दात तर आहे. पुढे दुसरा बसवून देऊ."

त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता, म्हणून त्याचं नीट उत्तर दिलं. वाढत्या जबड्यात इम्प्लांट बसवता येत नाही. तो हाडाला चिकटून एका जागी राहतो आणि बाजूचे दात हाडासह खाली येत राहतात, त्यामुळे काही वर्षांत तो वर बुडाल्यासारखा दिसतो. दात काढला तर समोरचं हाड झिजतं आणि अठराव्या वर्षी इम्प्लांट लावायला जागाच उरत नाही. मधली सगळी वर्षं काढता-घालता येणारा दात लावून शाळेत जायचं. हाड राखायचं असेल, तर आजारी दातसुद्धा रिकाम्या जागेपेक्षा बरा. हे ऐकल्यावर आजोबा गप्प झाले आणि मग शेवटपर्यंत प्रत्येक भेटीला तेच मुलाला घेऊन येत राहिले.

दुसरा पर्याय जुना आणि ओळखीचा होता. कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन्‌महिने भरून ठेवायचं, दर काही महिन्यांनी बदलायचं, की टोकाशी कठीण पडदा तयार होतो. वर्ष-दीड वर्ष लागतं. पण स्वीडनच्या क्वेक यांनी 1992 मध्ये दाखवलेलं मला विसरता येत नाही. असे उपचार केलेल्या अर्धवट मुळांच्या दातांत, सर्वांत अपुऱ्या मुळांचे 77 टक्के आणि बऱ्यापैकी वाढलेल्या मुळांचे 28 टक्के दात मानेशी, म्हणजे हिरडीजवळ, मोडले. 2002 मध्ये आंद्रेयासेन आणि सहकाऱ्यांनी हे औषध लांबवर ठेवल्याने दाताचं डेंटिनच (भिंतीचा कठीण भाग) कमकुवत होतं असं दाखवलं. एवढी पातळ भिंत असताना हा मार्ग मी धरला नाही.

तिसरा पर्याय एमटीएचा बूच. अमेरिकेतल्या तोराबिनेजाद यांच्या गटाने 1990 च्या दशकात आणलेलं हे सिमेंट ओलाव्यात घट्ट होतं. टोकाशी 3 ते 5 मिलिमीटरचा थर दाबून बसवायचा आणि वर भरून टाकायचं. दोन भेटीत काम होतं, निकाल भरवशाचा. पण मूळ होतं तेवढंच राहतं. भिंती पातळ त्या पातळच.

चौथा पर्याय रिव्हॅस्क्युलरायझेशनचा, म्हणजे नळीत पुन्हा रक्तपुरवठा आणण्याचा, ज्याला रिजनरेटिव्ह एन्डोडॉन्टिक्स म्हणतात. कल्पना साधी आहे. नळीतली घाण काढून टाकायची, मुळाच्या टोकापलीकडून थोडं रक्त नळीत आणायचं आणि ते गोठलेलं रक्त नव्या ऊतीसाठी मचाण म्हणून वापरायचं. मुलांच्या दातात टोक रुंद असल्याने रक्तपुरवठा भरपूर असतो. टोकापाशी एपिकल पॅपिला नावाची मऊ गादी असते, तिच्यात स्टेम सेल असतात आणि संसर्ग असूनही ती बऱ्याचदा तग धरून राहते. डेंटिनच्या आत वाढीला चालना देणारे घटक अडकलेले असतात, ते ईडीटीए नावाच्या द्रावणाने सुटे होतात. नॉर्वेच्या निगार्ड-ऑस्टबी यांनी 1961 मध्ये नळीत रक्त आणण्याचे प्रयोग केले होते. 2001 मध्ये जपानच्या इवाया आणि सहकाऱ्यांनी पू आलेल्या अर्धवट मुळाच्या खालच्या दुसऱ्या उपदाढेत हे यशस्वी करून दाखवलं. 2004 मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी पद्धत पक्की मांडली, तेव्हापासून ती सर्वत्र पोचली.

पण या शब्दात एक सापळा आहे. रिजनरेशन म्हटलं की आई-वडिलांना वाटतं नस परत उगवेल. ज्या दातांची नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, त्यांतल्या बहुतेकांत खरी नस नव्हती. नळीत हाडासारखी आणि सिमेंटमसारखी, म्हणजे मुळावरच्या आवरणासारखी, ऊती भरलेली होती. म्हणूनच युरोपीय एन्डोडॉन्टिक संघटनेने 2016 च्या निवेदनात 'रिव्हायटलायझेशन', म्हणजे नळीत पुन्हा जिवंत ऊती येणं, हा शब्द पसंत केला. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

आईने विचारलं, "डॉक्टर, म्हणजे दात जिवंत होईल का पुन्हा?"

मी तिला तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या. पुळी जाणं आणि हाड भरून येणं, याची मला चांगली खात्री आहे. मुळाच्या भिंती जाड होणं आणि टोक मिटणं, हे बऱ्याच दातांत होतं पण सगळ्यांत नाही, आणि कुठे किती होईल ते माझ्या हातात नाही. दाताला थंड-गरम पुन्हा कळणं, ते झालं तर झालं, त्याची वाट पाहू नका. आणि काहीच जमलं नाही तर एमटीएचा बूच बसवायचा रस्ता उघडा राहतो. शेवटचं वाक्य तिला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. या उपचाराची बाजू माझ्या लेखी त्यानेच जड झाली होती: तो फसला तरी आपण मागे येऊ शकतो, उलट्या दिशेने नाही.

खर्चाचाही विषय निघाला. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात बालदंतरोग विभाग आहे, तिथे जायचं असेल तर चिठ्ठी देते असं मी सांगितलं. एकाच ठिकाणी पूर्ण करू म्हणून त्यांनी माझ्याकडेच थांबायचं ठरवलं.

काय केलं आणि कुठे अडलं

पहिल्या भेटीत रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून नळी उघडली. बाजारात मिळणारं 3 टक्के हायपोक्लोराइट हे जंतू मारणारं द्रावण तेवढ्याच निर्जंतुक पाण्यात मिसळून 1.5 टक्के केलं. तीव्र द्रावण जंतू जास्त मारतं, पण आपल्याला ज्या पेशी हव्या आहेत त्याही मारतं. बाजूने छिद्र असलेली सुई टोकाच्या 1 मिलिमीटर अलीकडे थांबवून 20 मिलिलिटर द्रावण सुमारे पाच मिनिटांत हळूहळू सोडलं. उघड्या टोकातून हे द्रावण हाडात घुसलं तर चेहरा सुजतो, म्हणून इथे घाई करायची नाही. मग सलाइन. भिंतींना फाइल लावली नाही.

आत काय ठेवायचं हा पुढचा निर्णय. बँक्स आणि ट्रोप यांच्या पद्धतीत सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडॅझोल आणि मिनोसायक्लिनची मिश्र पेस्ट होती. मिनोसायक्लिनने दात काळा पडतो. ते वगळून दोन औषधांची पेस्ट करता येते, पण घट्ट केली तर पेशींना मारक आणि पातळ केली तर नळीत थांबत नाही. मी कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवलं. थोड्या आठवड्यांसाठी ते ठीक आहे, त्याचं वर सांगितलेलं नुकसान महिनोन्‌महिन्यांचं आहे. वर तात्पुरतं भरलं आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

तारीख मे महिन्यातली होती. नागपूरचं ऊन, शाळेला सुट्टी, आणि कुटुंब काटोलकडच्या गावी गेलं. ते आले जूनच्या सुरुवातीला, सात आठवड्यांनी. तात्पुरतं भरलेलं अर्धं निघून गेलं होतं आणि पुळी परत आली होती. तिथे आईला बोलण्यात अर्थ नव्हता. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मे-जूनमध्ये माणसं गावाला जातात हे मला ठाऊक होतं. उपचार एप्रिलच्या मध्यात सुरू करताना मी हे विचारायला हवं होतं, आणि निदान वरचं भरणं नुसतं तात्पुरतं न ठेवता त्यावर ग्लास आयोनोमरचा, म्हणजे दाताला चिकटणाऱ्या सिमेंटचा, थर द्यायला हवा होता. तो थर मी आता दिला, नळी पुन्हा धुतली, औषध पुन्हा ठेवलं. जूनच्या अखेरीस पुळी पूर्ण बसली आणि नळी कोरडी आली.

मग रक्त आणायची भेट. सुन्न केलं, डॅम लावला, औषध धुऊन काढलं, 17 टक्के ईडीटीएच्या 20 मिलिलिटर द्रावणाने नळी धुतली. 25 नंबरची के-फाइल टोकाशी थोडी वाकवून मुळाच्या 2 मिलिमीटर पलीकडे नेली आणि फिरवली. रक्त आलंच नाही. जरा लालसर ओल आली आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला, तेच. तेव्हा ट्रेवरच्या सुन्न करायच्या औषधाच्या कार्ट्रिजकडे नजर गेली. त्यावर ॲड्रेनालाइन असलेलं लिग्नोकेन लिहिलं होतं. रोजच्या सवयीने तेच भरलं गेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं. ॲड्रेनालाइन रक्तवाहिन्या आकसवतं. आपल्याला नेमकं रक्त हवं आणि आपणच ते अडवून ठेवलेलं. मार्गदर्शक सूचनांत याच कारणासाठी ॲड्रेनालाइन नसलेलं मेपिव्हॅकेन सांगितलेलं असतं. ते माझ्याकडे नव्हतं, पण साधं लिग्नोकेन होतं.

या ठिकाणी दोन वाटा होत्या. मुलाच्या हातातून साधारण 10 मिलिलिटर रक्त काढून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पीआरएफ, म्हणजे फायब्रिनची जाळी तयार करायची आणि ती नळीत भरायची. फ्रान्सच्या शुक्रून यांनी 2001 मध्ये मांडलेली ही पद्धत चांगली आहे, आणि टोकातून रक्त येतच नसेल तर तीच वापरावी. दुसरी वाट म्हणजे थांबणं. मुलगा तोवर कुशीत हात घेऊन बसला होता आणि म्हणाला, "मॅडम, हाताला सुई नका टोचू." रक्त न येण्याचं कारण दात नव्हता, मी दिलेलं औषध होतं. मग त्याची किंमत मुलाच्या हाताने का द्यायची? मी पुन्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून ग्लास आयोनोमरने बंद केलं, आईला बाहेर बोलावून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. जास्तीच्या भेटीचे पैसे घेतले नाहीत.

आठ दिवसांनी साध्या लिग्नोकेनवर तीच कृती केली. साधं लिग्नोकेन लवकर उतरतं, त्यामुळे बाकी सगळं आधी मांडून ठेवलं होतं. फाइल पलीकडे गेली आणि रक्त वर चढत आलं. ते दाताच्या मानेच्या सुमारे 3 मिलिमीटर खाली थांबवून, सलाइनमध्ये भिजवलेला बोळा धरून पंधरा मिनिटं थांबलो. गोठल्यावर त्यावर कोलॅजनचा छोटा तुकडा ठेवला, म्हणजे सिमेंट खाली घसरत नाही. वर एमटीएचा सुमारे 3 मिलिमीटर थर, ओला बोळा आणि तात्पुरतं भरणं. तीन दिवसांनी एमटीए कडक झाल्याची खात्री करून ग्लास आयोनोमर आणि कॉम्पोझिट केलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांच्या एक्स-रेत काळं वर्तुळ निम्म्याहून कमी झालं होतं. वर्षाने दिसेनासं झालं. पुळी त्यानंतर एकदाही आली नाही. दोन वर्षांनी मुळाचं टोक जवळपास मिटून गोलसर झालेलं होतं आणि टोकाकडच्या अर्ध्या भागातल्या भिंती स्पष्ट जाड झाल्या होत्या.

लांबी वाढली का? थोडी वाढल्यासारखी वाटते, पण मी ठामपणे म्हणू शकत नाही. पहिला एक्स-रे बोटाने फिल्म धरून काढला होता, नंतरचे होल्डरने. कोन वेगळा असला की मूळ लांब किंवा आखूड दिसतं. मोजपट्टी मीच बिघडवून ठेवली होती.

मानेजवळची भिंत मात्र जाड झाली नाही. एमटीए जिथे आहे तिथे नवी ऊती येण्याचा प्रश्नच नाही, आणि त्याच्या लगेच खालीही फरक जाणवत नाही. दात मोडतो तो याच जागी. टोक मिटल्याचा एक्स-रे पाहून आई खूश झाली, तेव्हा मी तिला ही जागा बोटाने दाखवली. मुलगा क्रिकेट खेळतो. त्याच आठवड्यात त्याच्या मापाचा माउथगार्ड करून दिला.

थंडाच्या चाचणीला दाताने प्रत्येक भेटीत नकार दिला. इलेक्ट्रिक पल्प टेस्टरला (सौम्य विजेने नस तपासणारं यंत्र) दोन वर्षांनी मंद प्रतिसाद आला. त्यावर मी फार विसंबत नाही.

दाताच्या मानेशी राखाडी छटा आली. वर्षभरात ती हिरडीजवळ दिसू लागली आणि अकरा वर्षांच्या मुलाने शाळेच्या फोटोत स्वतःच ती ओळखली. एमटीएतल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे हे होतं. समोरचा भाग कॉम्पोझिटने झाकला आहे.

आता हेच प्रकरण आलं तर

एमटीएऐवजी बायोडेंटिन हे दुसरं सिमेंट वापरेन. त्यात बिस्मथ नाही, झिर्कोनियम आहे, रंग बदलत नाही आणि सुमारे 12 मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे तीन दिवसांची वेगळी भेटही वाचते. समोरच्या दातात रंग ही किरकोळ बाब नाही. मुलाला तो दात आरशात रोज दिसतो.

पहिल्याच दिवशी होल्डर लावून एक्स-रे काढेन, आणि उजव्या दातासह. सुरुवातीची तारीख ठरवण्याआधी आईला सुट्टीत कुठे जाणार ते विचारेन. गावाला जाणार असतील आणि सूज, ताप नसेल, तर नळी धुऊन औषध ठेवेन, वर पक्कं बंद करेन आणि रक्त आणायची भेट सरळ जुलैवर टाकेन.

सुन्न करायच्या इंजेक्शनचं नाव आता मी आणि सहायिका दोघी मोठ्याने वाचतो, मगच सुई लागते. या उपचारासाठी साधं लिग्नोकेन वेगळ्या डब्यात ठेवलं आहे.

एका गोष्टीचा निर्णय अजून झालेला नाही. मुलाचे दात थोडे पुढे आहेत आणि पुढच्या वर्षी तारा लावायची चर्चा सुरू आहे. असा दात हलवता येतो, पण हलक्या जोराने आणि एक्स-रेवर लक्ष ठेवून. तारा लावणाऱ्या डॉक्टरांना मी सगळ्या एक्स-रेंची प्रत आणि या दाताची तारखांसह हकिगत पाठवली आहे, त्यात मानेजवळच्या पातळ भिंतीवर लाल खूण केली आहे. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर, त्याच होल्डरने, त्याच कोनातून.